कॅनॉलच्या पलीकडे रोम

जगाच्या नकाशात सिसिली बेट कुठं आहे ते मला आजही बोट ठेवून दाखवता येणार नाही. पण त्या बेटावरच्या माणसांची गत काय होत असेल ते मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण आमचं गाव तीन हंगाम सिसिली होतं. तसं मुकादमांनी ठरवलं होतं, आणि मुकादमांनी एकदा ठरवलं की कलेक्टर आला तरी त्यात बदल होत नसे.

मुकादम म्हणजे हळद शिजवणाऱ्या टोळीचे मुकादम. जवळा बाजारहून आमच्याकडं येताना कॅनॉल लागतो. कॅनॉलच्या अलीकडं माळावर त्यांचा तांडा, पलीकडं पाटलांचं मोठं गाव, आणि पुलाला चिकटून मधोमध आम्ही. जुन्या काळी समुद्राच्या दोन काठांवरच्या रोम आणि कार्थेज या शहरांची तीन युद्धं झाली, पहिलं सिसिलीवरून. मुकादमांच्या लेखी तांडा म्हणजे कार्थेज, पाटलांचं गाव म्हणजे रोम आणि कॅनॉल म्हणजे भूमध्य समुद्र. पाण्याची पाळी सुटली की समुद्र. एरवी तळाला बेशरमाची झाडं आणि त्यात फसलेली एखादी म्हैस. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "ओहोटी हाय ती. अडाण्यावानी बोलू नका, सिसिलीकर."

तेव्हापासून मी सिसिलीकर. माझं खरं नाव तांड्यावर कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

मुकादमांची उंची सहा फूट; कढईसमोर उभे राहिले की आठ. आवाज असा की ते माळावर खोकले तर पुलावरची एस.टी. थांबायची, कारण ड्रायव्हरला वाटायचं कुणीतरी हात केला. चष्म्याला एका बाजूला काडी होती आणि दुसऱ्या बाजूला सुतळी. हातात कायम तीन हाताची लोखंडी सळई. लोकांना वाटायचं ती कढईतली हळद ढवळायला आहे. तिचं खरं काम चुलीपुढच्या राखेत इटली काढण्याचं होतं. पुस्तकवाले सांगतात इटली बुटासारखी दिसते. मुकादमांची इटली कोळप्यासारखी दिसायची, आणि तिच्या टोकाशी एक ठिपका असायचा. तो ठिपका म्हणजे मी.

हा नाद त्यांना परीक्षेपायी लागला. तरुणपणी ऊसतोडीच्या फडात असताना त्यांनी बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला. उसाच्या पाचटावर बसून अभ्यास केला आणि सगळे पेपर सोडवले, एक तेवढा प्राचीन जगाचा अडकला. तो त्यांनी पाच वेळा दिला. लोक नऊ म्हणतात, मी अकरा म्हणतो, पण त्यांचा आकडा पाच होता. दर वेळी प्रश्न एकच यायचा: रोमच्या विस्ताराची कारणे लिहा. आणि मुकादम दर वेळी पहिल्याच ओळीत लिहायचे की विस्तार हा शब्दच चुकीचा आहे, ज्याचं रान गेलं त्याला आधी विचारा. पुढं अख्खी उत्तरपत्रिका कार्थेजच्या बाजूनं, वर दोन पुरवण्या.

मी म्हणालो, "मुकादम, तपासणाऱ्याला पाहिजे ते लिहायचं अन् मोकळं व्हायचं."

"काहून लिहू? साक्ष हाय ती माझी. साक्ष फिरवत असतेत का?"

कार्थेजचा एवढा कळवळा त्यांना का, हे मला सुरुवातीला कळेना. मग एकदा त्यांनीच सांगितलं. कार्थेजचे लोक म्हणजे माल वाहणारे. इकडचं तिकडं न्यायचं, तिकडचं इकडं आणायचं. मुकादमांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मुलूखभर फिरायचे, हे समुद्रावर फिरायचे. "गलबतावरचा तांडा होता तो," मुकादम म्हणायचे. "फरक येवढाच, गलबताला वैरण लागत न्हाई."

मिठाच्या बाबतीत तर ते कुणाचं ऐकून घेत नसत. रोमनं कार्थेज जाळल्यावर तिथल्या जमिनीत मीठ पेरलं, अशी एक गोष्ट सांगतात. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी ती मुकादमांना ऐकवली. मुकादमांनी सळई खाली ठेवली, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"गुरुजी, तुमी मीठ वाहिलं का कधी?"

"न्हाई बुवा."

"आमी सात पिढ्या वाहिलं. एका बैलावर किती मीठ बसतं मला ठाऊक हाय. येवढ्या मोठ्या शहराच्या रानात पेरायला किती बैल लागतील, सांगा बरं. अन् मीठ काय फुकट होतं? कोणता शहाणा पेरून राहिला? जाळलं ते खरं. मिठाची बात लोकांची."

गुरुजी त्या दिवसापासून वर्गात मीठ गाळून इतिहास शिकवतात.

कार्थेजच्या ज्या सेनापतीनं हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडले, त्याचं नाव मात्र मुकादम कधी घेत नसत. मोठ्या माणसाचं नाव उगाच तोंडात घेऊ नये म्हणून नुसतं 'हत्तीवाला' म्हणायचे. तेही म्हणताना डोक्यावरचा रुमाल नीट करायचे.

आता टोळीचं सांगतो. सहा मोठ्या लोखंडी कढया आणि तांड्यावरच्या पंचवीस-तीस बाया-माणसं. हळदीची निंदणी हीच माणसं करायची, जमिनीतून काढायची हीच, आणि काढली की बांधावर चुली खणून शिजवायची पण हीच. एक कढई शिजायला दोन-अडीच तास. वर हळदीचाच पाला झाकायचा, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारायच्या, आणि मुकादमांनी भोवती फिरत रोमशी लढायचं. बाकीचा तांडा दिवाळी झाली की ट्रकात बसून उसाला जायचा, लेकरंबाळं, शेळ्या, भांडीकुंडी घेऊन, ते थेट उन्हाळ्यात परत. फक्त या टोळीच्या घरांना कुलूप लागत नसे. मुकादम दुसरं काहीही हरायला तयार होते, पण ही कुलपं नाही. "उसात माझी धा वर्षं गेली," म्हणायचे. "तिथं इतिहास सुचतो, पण घर इसरतं."

अशात पाटलांना कुकरचं वेड लागलं.

झालं असं की पाटील वाशीमकडं निघाले होते. कनेरगाव नाक्याला ढाब्यासमोर वाफेवर हळद शिजवायचा एक कुकर, म्हणजे टाकी, चार डरम आणि पाइप असलेला गाडा, चाक निखळून पडलेला त्यांनी पाहिला. गाड्याचा मालक आत जेवत होता. त्याचं जेवण होईपर्यंत पाटलांनी सुतळीनं सगळी मापं घेतली, सुतळीला गाठी मारल्या आणि वाशीमला न जाता परत फिरले. वेल्डिंगवाल्यानं गाठी मोजत मोजत तसाच कुकर बनवून दिला.

मुकादमांना हे कळलं तेव्हा मला वाटलं ते हबकतील. ते आनंदानं उभे राहिले. "बराबर! बराबर रोम! रोमकडं जहाज न्हवतं, सिसिलीकर. कार्थेजचं एक जहाज काठाला लागलं, त्याच्यावरून मापं घेऊन त्यायनं शंभर केली. अन् वल्ही मारता येईनात म्हणून पोट्टे रेतीवर बाकं टाकून बसवले, कोरड्यात वल्ही मारायला."

मी पाहून आलो तर पाटलांच्या अंगणात गावातले पोट्टे कुकरचा सराव करत होते. हळद निघायला महिना होता, म्हणून रताळी शिजवत होते. त्या महिन्यात पाटलांच्या गावानं इतकी रताळी खाल्ली की एकादशीला लोक भात खायला लागले.

पहिल्या युद्धाला तोंड फोडलं मी. हे कबूल केलेलं बरं, नाहीतर आमच्या गावात दुसरं कुणीतरी सांगेल आणि वाढवून सांगेल. माझी दोन एकराची हळद काढून पडली होती आणि मुकादमांकडं माझा नंबर सहा दिवसांनी होता. पाटलांचा कुकर दुसऱ्याच दिवशी मोकळा. अर्ध्या तासात एक खेप, चार डरम. दुपारच्या जेवणापर्यंत हळद शिजून ताडपत्रीवर. बांधाबांधावरून लोक बघायला आले आणि पंधरा दिवसांत आमचं अख्खं गाव कुकरकडं गेलं. सिसिली पडली.

मुकादम माझ्या शेतावर आले. मी चारदा चहाचं विचारलं. चोरी केलेला माणूस फार चहा पाजतो. ते ताडपत्रीवरची हळद बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तुमची तकलीफ समजते मला. बेटाला पाय नसतेत, सिसिलीकर. जिकडची लाट येईल तिकडचं व्हायचं."

शिवी दिली असती तर मला जेवण गेलं असतं.

पुढचा हंगाम दुसऱ्या युद्धाचा. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळं यात मी वाढवलेलं फार तर निम्मं. पाटलांच्या कुकरला आता इतकी गिऱ्हाइकं झाली की त्यांच्याच गावच्या लोकांना नंबर मिळेना. हळद काढून ढिगानं पडली, उन्हात सुकायला लागली. मुकादमांनी पुलावरची वाट सोडली. सहा बैलगाड्यांवर सहा कढया पालथ्या टाकल्या, कॅनॉलला सात कोसांचा वळसा घातला आणि पाटलांच्या गावामागच्या डोंगरातून, जिथून शेळीसुद्धा विचार करून उतरते, तिथून सकाळी सकाळी खाली आले. खालून बघणाऱ्याला काय दिसलं? धुळीत एकामागं एक डुलत येणाऱ्या सहा काळ्या पाठी. एक म्हातारा ओरडत सुटला की रानात हत्ती आले. मुकादम पहिल्या गाडीवर उभे होते, रुमाल नीट करून.

चार दिवसांत त्यांनी पाटलांच्या डोळ्यांदेखत अर्ध्या गावाची हळद शिजवली. पाटलांच्या सख्ख्या मेव्हण्याची सुद्धा. आणि पाटील? ते वाड्यातनं बाहेरच आले नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. टोळीला माठ भरून पाणी तेवढं पाठवलं.

"तसंच करतेत ते," मुकादम मला म्हणाले. पहिल्यांदाच आवाज उतरला होता. "हत्तीवाल्यासंगं बी तसंच केलं. पंधरा वर्षं तो इटलीत फिरला, अन् ते समोरच येईनात."

"मग पुढं काय झालं त्याचं?"

"पुढं रोमनं फौज कार्थेजवरच पाठवली. मग याला घर सांभाळायला परत जावं लागलं."

हे बोलणं झालं बुधवारी. शुक्रवारी खबर आली की पाटलांनी दुसरा कुकर केला आणि तो पुलावरून थेट तांड्याकडं नेला. तिथं तो कुणाच्या रानात उभा होता? मुकादमांच्या धाकट्या भावाच्या. मुकादमांनी कढया गाड्यांवर चढवल्या आणि परत निघाले. घरी पोचेपर्यंत भावाची हळद वाळत घातलेली होती. भाऊ म्हणाला, "दादा, तू न्हवता म्हणून." मुकादम मला म्हणाले, "पाटलानं पुस्तक वाचलेलं न्हाई, तरी पानापानानं चालून राहिला. मलाच भेव वाटायलं आता. तिसरं युद्ध मला पाठ हाय. त्यातच जळलं कार्थेज."

तिसऱ्या हंगामात मुकादमांना कुणी बोलावलंच नाही. कढया तांड्यावर उपड्या पडल्या, त्यांच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. आणि उसाच्या टोळीवाल्याची जीप माळावर चकरा मारू लागली. येत्या दिवाळीला कोण कोण येणार, त्यांची नावं त्याला पाहिजे होती. रविवारी येतो म्हणून गेला. मुकादम कढईशेजारी बसलेले असत, सळई मांडीवर, आणि राखेत काहीच काढत नसत. आठ दिवसांत त्या माणसानं माझ्यासमोर रोमचं नाव काढलं नाही. घरातला रेडिओ बंद पडल्यासारखं झालं मला.

त्याच आठवड्यात पाटील तांड्यावर आले. मी तिथं होतो. शेळी बघायला गेलो होतो, असं मी घरी सांगितलं होतं. पाटील मोटरसायकलवरून उतरले, चपला बाजेखाली काढल्या आणि हातातली पिशवी गोणपाटावर ओतली. त्यांच्या कुकरमधली, वाळलेली हळकुंडं.

"मुकादम, हिंगोलीच्या बाजारात व्यापारी हळकुंड मोडून बघतेत अन् ढिगावर परत टाकतेत. दोन वर्षं चाललं. काय चुकून राहिलं कळंना. तुमी या माझ्याकडं. नुसतं उभं राहून सांगायचं. कायमचे या."

"मी येकटा?"

"येकटे. कुकरवर माणसं हायत माझी."

बाया दारातून बघत होत्या. एका माणसाचं दार उघडं राहणार आणि बाकीच्यांना कुलूप. एवढं सगळ्यांना समजलं.

मुकादम हळू आवाजात बोलले, म्हणजे तुमच्या-आमच्या नेहमीच्या. "पाटील, कार्थेज जाळल्यावर रोमनं तिथली सगळी पुस्तकं इकडं-तिकडं वाटून टाकली. एकच ठेवलं. शेतीचं. ते तेवढं आपल्या भाषेत करून घेतलं, कारण शेती त्या लोकायला त्यायच्यापेक्षा चांगली येत होती. किती भाग होते त्याचे?"

"मला काय ठाऊक."

"अठ्ठावीस. अन् त्यायनं अठ्ठावीसच्या अठ्ठावीस नेले. एक भाग नेऊन काय करता?" त्यांनी मागं बघितलं. "या रे सगळे."

टोळी पुढं आली. टोळीत माणसं नेमकी किती होती ते मी आधी कधी मोजलं नव्हतं. त्या दिवसापासून अठ्ठावीस होती.

पहिलं हळकुंड उचललं याडीनं. याडी म्हणजे आई. होती ती मुकादमांची चुलती, पण सगळा तांडा तिला याडीच म्हणायचा. तिनं हुंगलं. "हे काढल्यावर आठ दिस शेतात पडून होतं. मंग शिजवलं," म्हणाली, आणि पुढच्याच्या हातात दिलं. त्यानं मोडून आतला रंग पाहिला. "वरून शिजलं, मधी कच्चं. जाड गड्डे अन् बारीक हळकुंडं येकाच डरममधी घातली. गड्ड्याला टाइम लागतो." पुढच्या बाईनं दोन हळकुंडं कानाशी धरून एकमेकांवर वाजवली. "खणखण न्हाई. वाळवताना थर जाड केला." पुढच्यानं नखानं साल खरवडली, त्याच्या पुढच्यानं चावून पाहिलं. प्रत्येकाला एकच गोष्ट कळत होती आणि तीच गोष्ट शेजारच्याला कळत नव्हती. असं फिरत फिरत हळकुंड शेवटी मुकादमांकडं आलं. त्यांनी चष्मा सारखा करून ते बराच वेळ उलटंसुलटं केलं.

"पिवळं हाय," ते म्हणाले.

पाटील बघत राहिले.

"मला येवढंच कळतं, पाटील. बाकी यायलाच ठाऊक. मी नुसती अनुक्रमणिका."

इतकी वर्षं कढईभोवती फिरणारा हा माणूस हळदीतलं काडीचं जाणत नव्हता. कुणाला कुठल्या कढईवर उभं करायचं, तेवढं जाणत होता. आणि हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं, याडी सोडून. याडी तोंडाला पदर लावून हसत होती.

पाटलांनी चहा संपवला. कप खाली ठेवून विचारलं, "पुस्तक नेलं म्हणता. अन् माणसायचं काय केलं त्या लोकायनं?"

"जी जिती सापडली ती विकली. गुलाम म्हणून."

पाटील बराच वेळ चपला शोधत राहिले. त्या त्यांच्या पायाशीच होत्या.

"मला इतिहास येत न्हाई, मुकादम," ते उठता उठता म्हणाले. "सोमवारी या. सगळे या. निंदणी, काढणी, वाळवण, सगळं बघा. कुकरला माझ्या पोट्ट्यायला शिकवा."

रविवारी जीप आली आणि कोरी वही घेऊन गेली. मुकादमांनी अठ्ठावीस नावांना अठ्ठावीस वेळा नाही म्हणून सांगितलं, तेही पाटलांच्या एका तोंडी शब्दावर.

सोमवारी सकाळी मी पुलावर होतो. या खेपेला शेळीचं कारण सुद्धा सांगितलं नाही. टोळी आली आणि पुलाच्या अलीकडंच थांबली, कारण मुकादम थांबले. रात्रभर झोप नसावी. चष्म्याची सुतळीही सैल झालेली.

"सिसिलीकर, रोम असं कधीच वागलं न्हाई. मी सगळं वाचलं हाय. यात कायतरी डाव हाय. अन् मी तिकडं वही कोरी पाठवली. पाटील फिरला तर या लेकरायला मी काय सांगू?"

माझा धंदा गोष्टी सांगण्याचा, उत्तरांचा नाही. याडी मागून आली आणि तिनं मुकादमांना कोपरानं बाजूला सारलं.

"डाव असू दे. हळद काढून तिसरा दिस हाय. सरक."

ती पुलावर चढली. तिच्यामागं बाकीचे सरळ चालत गेले, आणि अलीकडं आम्ही दोघंच उरलो. मी पलीकडं बोट केलं. पाटलांच्या खळ्यात कुकरशेजारी ओल्या हळदीचे ढीग लावलेले होते. नेहमी एकच मोठा ढीग असायचा. आज दोन होते: एका बाजूला गड्डे, दुसऱ्या बाजूला हळकुंडं. पाटील स्वतः उकिडवे बसून मधे घरंगळलेला एकेक गड्डा उचलून गड्ड्यांच्या ढिगावर टाकत होते.

मुकादमांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला आणि दोन्ही ढीग पुन्हा पाहिले. मग सळई खांद्यावर टाकून पुलावर पाय ठेवला. मधोमध पोचल्यावर वळून खोकले, तशी वळणावरची एस.टी. थांबली.

"तुमचा नंबर गुरुवारी, सिसिलीकर," ते म्हणाले. "पऱ्हाट्या आणू नका. वाफेवर हाय आता."